शिल्लक किती?
ख्रिस्ती धर्मातील दानविचार

आपल्या गावातील एखादी शाळा, धर्मशाळा किंवा वाचनालय पाहावयास गेले, की दारातच भिंतीत बसविलेली एक संगमरवरी शिळा दिसते. तिच्यावर देणगीदारांची नावे कोरलेली असतात. सर्वांत वर मोठ्या रकमेचा धनी, त्याच्या खाली त्याहून थोड्या लहान रकमेचा, आणि अगदी तळाशी, जेथे अक्षरेही बारीक झालेली असतात तेथे, 'इतर देणगीदार' एवढे दोनच शब्द. या रचनेत कोणाला काही वावगे वाटत नाही. ज्याने अधिक दिले त्याचे नाव वर, हा हिशेब व्यवहाराला धरूनच आहे. आज आपण ज्या व्याख्यानमालेत जमलो आहोत तीही वर्गणीवर चालते, आणि वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन आम्हीही दारोदार हिंडलो आहोत. हजाराचा आकडा घालणाऱ्यापुढे आमची मान जितकी लवली, तितकी दहा रुपये देणाऱ्यापुढे लवली नाही. हे आधी कबूल करतो आणि मगच विषयाला हात घालतो. कारण आजचा विषय नेमका याच हिशेबावर बोट ठेवणारा आहे.

दान हा शब्द आपल्याला नवा नाही. दानाची थोरवी न गाणारा धर्म जगात शोधूनही सापडणार नाही. तेव्हा ख्रिस्ती धर्म दान करा असे सांगतो, एवढेच सांगावयाचे असते तर श्रोत्यांना संध्याकाळी घराबाहेर काढण्याचे कारण नव्हते. त्या धर्माने दान मोजण्याचे माप कोणते दिले, त्या मापाचे पुढे दोन हजार वर्षांत काय झाले, आणि ते आपल्या महाराष्ट्रात आले तेव्हा कोणाकोणाची कसोटी लागली, हे आपल्याला पाहावयाचे आहे.

आरंभ एका लहानशा प्रसंगापासून करू. मार्क आणि लूक या दोघांच्याही शुभवर्तमानांत तो आला आहे. यरुशलेमच्या मंदिरात येशू दानपेट्यांसमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते पाहत आहे. त्या मंदिरात तेरा पेट्या होत्या आणि त्यांची तोंडे तुतारीच्या आकाराची होती, असे जुन्या यहुदी ग्रंथांवरून कळते. श्रीमंत लोक येतात, भरपूर टाकतात. मग एक गरीब विधवा येते आणि दोन लेप्टा टाकते. लेप्टा हे त्या काळचे सर्वांत हलके तांब्याचे नाणे. मजुराची एका दिवसाची मजुरी एक दीनार धरली, तर दोन लेप्टा म्हणजे त्या मजुरीचा चौसष्टावा भाग. आपल्या भाषेत दमडीच. येशू शिष्यांना जवळ बोलावतो आणि सांगतो, की या बाईने सर्वांहून अधिक टाकले. इतरांनी आपल्या भरल्या घरातून टाकले, हिने आपल्या उपजीविकेतून टाकले.

अंकगणिताच्या दृष्टीने हे विधान उघड चुकीचे आहे. परंतु हिशेबाची वही उलटून धरली म्हणजे ते बरोबर ठरते. आपण दिलेली रक्कम मोजतो. येथे देऊन झाल्यावर घरी काय उरले ते मोजलेले आहे. श्रीमंताच्या थैलीतून मूठभर नाणी गेली तरी त्याच्या रात्रीच्या जेवणात एक घास कमी झाला नाही. विधवेच्या हाती काहीच उरले नाही. दानाची किंमत घेणाऱ्याच्या पेटीत न पाहता देणाऱ्याच्या शिल्लकेत पाहावयाची, हा ख्रिस्ती दानविचाराचा गाभा आहे. पुढचे सारे याच एका गोष्टीचा विस्तार किंवा तिच्यापासून काढलेली पळवाट आहे, असे म्हटले तरी चालेल.

मात्र या कथेची दुसरीही एक बाजू आहे. मार्काने या प्रसंगाच्या अगदी आधीच, विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या आणि लोकांना दाखविण्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांवर येशूने केलेली कडक टीका दिली आहे. ती वाचून लगेच ही कथा वाचली, म्हणजे काही भाष्यकारांना असे वाटते की येशू येथे केवळ स्तुती करीत नसून हळहळत आहे. जिच्या पोटाची काळजी मंदिराने घ्यावयाची, तिच्याच शेवटच्या दमडीवर मंदिराची पेटी भरत आहे. हा अर्थ आपल्याला सर्वस्वी मान्य नसला तरी त्यातील इशारा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गरिबाच्या त्यागाचे कौतुक करणे सोपे असते. त्या कौतुकाच्या आडून त्याच्याकडे आणखी मागणे त्याहून सोपे असते.

हे माप देऊन शुभवर्तमाने थांबत नाहीत. दानाला ती आणखी चार पथ्ये घालतात. पहिले पथ्य गुप्ततेचे. दान करताना दवंडी पिटू नये, उजवा हात काय देतो हे डाव्या हातालाही कळू नये, असा उपदेश मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. त्याचे कारणही मोठे व्यवहारी आहे: ज्याने लोकांची वाहवा मिळविण्यासाठी दिले त्याला वाहवा मिळाली, म्हणजे त्याचा सौदा पुरा झाला, आता देवाकडे त्याचे काही येणे उरले नाही.

दुसरे पथ्य पैशाच्या शुद्धतेचे. जक्कय नावाचा जकातदारांचा मुख्य होता. लोकांना नाडून तो गबर झाला होता. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा त्याने दोन गोष्टी जाहीर केल्या: अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्यांना फसविले त्यांचे चौपट परत करतो. या दोन गोष्टी त्याने एकत्र कालवल्या नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. फसवून घेतलेले परत करणे ही फेड आहे, दान नव्हे. काळ्या बाजारात मिळविलेल्या पैशातून घाट बांधून देणाऱ्याने जक्कयाचा पहिला निम्मा भाग तेवढा उचललेला असतो.

तिसरे पथ्य घरच्या कर्तव्याचे. त्या काळी 'कुर्बान' म्हणून एक प्रथा होती. आपली वस्तू देवाला वाहिली असे एकदा म्हटले, की आईबापांच्या पोषणासाठी ती मागता येत नसे. या सबबीवर म्हाताऱ्या आईबापांना उपाशी ठेवणाऱ्यांवर येशूने कठोर शब्दांत ताशेरे ओढले. देवाच्या नावाने दिलेले दान जवळच्या माणसाच्या घासातून काढलेले असेल, तर ते देवाला नको आहे.

आणि चौथे पथ्य म्हणजे अट न घालणे. शमरोनी मनुष्याची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. लुटारूंनी मारून टाकलेला एक प्रवासी रस्त्यावर पडला आहे. त्याच्याच धर्माचे दोन अधिकारी पुरुष त्याला पाहून रस्त्याच्या दुसऱ्या कडेने निघून जातात. यहुदी ज्यांना परके आणि भ्रष्ट मानीत अशा पंथाचा एक शमरोनी मात्र थांबतो, जखमा बांधतो, त्याला उतारशाळेत नेतो, मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवतो आणि अधिक लागले तर परत येताना देईन म्हणतो. तो त्या जखमी माणसाला नाव विचारीत नाही, धर्म विचारीत नाही आणि आपला पत्ताही देत नाही. हा चौथा मुद्दा पुढे आपल्याच पुण्यात उपस्थित व्हावयाचा होता, म्हणून तो येथे नोंदवून ठेवतो.

शुभवर्तमानांतील हे सारे भावनेला हात घालणारे आहे. पण भावनेवर संस्था चालत नाही, हे वर्गणीदार आणि चिटणीस दोघेही जाणतात. ख्रिस्ती दानाला पहिली व्यवस्था लावून दिली ती पौलाने. इ. स. ५० ते ६० च्या दरम्यान यरुशलेममधील गरीब बांधवांसाठी त्याने मासेदोनिया, करिंथ, गलतिया येथील मंडळ्यांतून एक निधी गोळा केला. त्याची पत्रे वाचताना एखाद्या जागरूक चिटणिसाची आठवण व्हावी. मी आल्यावर धावपळ नको, दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे, असे तो करिंथकरांना कळवितो. आकडा ठरवून देत नाही. मिळकतीच्या मानाने, एवढेच म्हणतो. कुरकुरत किंवा भिडेखातर देऊ नये, देणाऱ्याचे मन प्रसन्न असावे, असेही सांगतो. आणि रक्कम मोठी असल्याने कोणाला संशयाला जागा राहू नये, म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतो. देवासमोर चोख असणे त्याला पुरेसे वाटत नाही; माणसांसमोरही चोख दिसले पाहिजे असा त्याचा आग्रह आहे.

या पत्रात पौलाने एक महत्त्वाचा शब्द वापरला आहे: समता. तुम्ही ओढगस्तीत पडावे आणि दुसऱ्यांनी चैन करावी, असा याचा हेतू नाही. आज तुमची भर त्यांची तूट भरून काढील, उद्या त्यांची भर तुमची तूट भरील, असा त्याचा युक्तिवाद आहे. म्हणजे दान ही वरून खाली टाकण्याची वस्तू राहिली नाही. दोन तराजूंची पारडी सारखी करण्याचा तो मार्ग झाला. हा निधी घेऊन पौल यरुशलेमला गेला आणि तेथेच पकडला गेला.

पौलाने ठरविला नाही तो आकडा पुढच्या पिढ्यांनी ठरविला. यहुदी धर्मशास्त्रात उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याची आज्ञा होती. तिच्या आधाराने चर्चने दशमांश मागण्यास सुरुवात केली. ५८५ साली फ्रान्समधील माकों येथे भरलेल्या धर्मसभेने दशमांश न देणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा सांगितली, आणि ७७९ साली शार्लमेन राजाने तो राज्याच्या कायद्यानेच सक्तीचा केला. झाले! दानाचा सारा झाला. शेतकऱ्याच्या खळ्यावर दहावी पेंढी उचलावयास माणूस येऊन उभा राहू लागला. १७८९ साली फ्रेंच राज्यक्रांतीने जे जुने हक्क रद्द केले त्यांत हा दशमांशही होता. त्याच्याही आधी, १५१७ साली, मार्टिन लूथरने पापमुक्तिपत्रांच्या विक्रीविरुद्ध आवाज उठविला होता. रोममधील सेंट पीटरच्या भव्य देवालयासाठी पैसा हवा होता आणि तो देणाऱ्याला शिक्षेतून सूट मिळेल असे सांगितले जात होते. विधवेच्या दोन लेप्टांपासून निघालेली वाट येथवर येऊन पोचावी, हे त्या धर्माच्या इतिहासातील मोठे दुःख आहे, आणि ते दुःख बोलून दाखविणारे पुरुष त्या धर्मातूनच निघाले हे त्याचे भाग्य आहे.

अशा पुरुषांपैकी दोघे चौथ्या शतकातले. कप्पदुकियातील कैसरिया येथील बासिल हा पहिला. हा मुलूख म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा मध्यभाग. सुमारे ३६८ साली तेथे भयंकर दुष्काळ पडला. व्यापाऱ्यांनी भाव चढण्याची वाट पाहत कोठारे बंद केली. बासिलने प्रवचनांतून त्यांच्यावर असा भडिमार केला, की काहींना कोठारे उघडावी लागली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: नाटकगृहात आधी येऊन बसलेल्याने, सर्वांसाठी असलेल्या जागा आपल्याच समजून मागाहून येणाऱ्यांना अडवावे, तसे धनिकाचे वागणे आहे. तुझ्या कोठारात पडून राहिलेली भाकरी भुकेल्याची आहे. पेटीत ठेवलेले वस्त्र उघड्याचे आहे. पुढे बिशप झाल्यावर त्याने शहराबाहेर आजारी, महारोगी आणि निराधार लोकांसाठी एवढी मोठी वसाहत उभारली, की त्याच्या मित्राने तिला नवे शहर म्हटले.

दुसरा अंत्युखियाचा योहान. त्याच्या वक्तृत्वामुळे लोक त्याला क्रिसोस्टम, म्हणजे सुवर्णमुखी, म्हणू लागले. त्याने एका प्रवचनात आपल्या शहराचा हिशेबच मांडला आहे. अंत्युखियाचा दहावा भाग श्रीमंत, दहावा भाग अगदी निर्धन, बाकीचे मधले. चर्चचे उत्पन्न बेताच्या श्रीमंताइतके; पण तेवढ्यावर ३००० विधवा आणि कुमारिका पोसल्या जातात, शिवाय कैदी, आजारी आणि परदेशी वेगळेच. मग साऱ्या शहराने मनावर घेतले तर गरीब उरेल कोण, असा त्याचा सवाल. वेदीवर सोन्याचे पात्र आणि दारात उपाशी माणूस, हे चित्र त्याला सहन होत नसे. पुढे तो राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलला, मुख्य बिशप झाला आणि तेथेही असेच बोलत राहिला. दरबाराचा रोष ओढवला आणि ४०७ साली हद्दपारीतच त्याला मरण आले.

या दोघांनी दानाच्या कल्पनेला एक मोठी कलाटणी दिली. देणारा उदार, घेणारा उपकृत, ही आपली नेहमीची कल्पना. त्यांच्या मते गरजेपेक्षा अधिक जे आपल्यापाशी आहे ते मुळात आपले नव्हेच. तेव्हा ते देणे ही दया नसून फेड आहे. अशा देण्याबद्दल शिळेवर नाव कोरावयाचे, तर कर्ज फेडणाऱ्या प्रत्येकाचे नाव कोरावे लागेल.

हे ऐकून एखादा गृहस्थ विचारील, "सारे खरे, पण बायकामुले असलेल्या, महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या माणसाने करावे काय?" या प्रश्नाचे सर्वांत रोखठोक उत्तर अठराव्या शतकात इंग्लंडमधील जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाने दिले. १७६० साली प्रसिद्ध झालेल्या, पैशाच्या उपयोगावरील त्याच्या प्रवचनात तीन नियम आहेत: जमेल तितके मिळवा, जमेल तितके वाचवा, जमेल तितके द्या. पहिल्या दोन नियमांना दुकानदार आनंदाने माना डोलावतात, म्हणून सांगावयास हवे की पहिल्या नियमाला त्याने कडक कुंपण घातले होते. स्वतःच्या प्रकृतीची हानी करून मिळवू नये, शेजाऱ्याला बुडवून मिळवू नये. दारू विकून मिळविलेल्या पैशाला तर त्याने विषप्रयोगाची कमाई ठरविले.

वेस्लीने ऑक्सफर्डमधील एका तरुणाचा हिशेब सांगितला आहे. तो तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असे सामान्यतः मानतात. पहिल्या वर्षी त्याचे उत्पन्न ३० पौंड होते. २८ पौंडांत त्याने निर्वाह केला आणि २ दिले. दुसऱ्या वर्षी उत्पन्न ६० झाले; निर्वाह २८ मध्येच, ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९० मिळाले, ६२ दिले. चौथ्या वर्षी १२० मिळाले, ९२ दिले. श्रोतेहो, या चार ओळींत आमच्या मते दानाचे सारे गृहस्थाश्रमी शास्त्र आले. आपले उत्पन्न वाढले की आपल्या गरजाही न बोलावता वाढतात, आणि दान मात्र होते तेथेच राहते. त्याने गरजांना खुंटीशी बांधून टाकले आणि दानाला मोकळे सोडले. १७७६ साली सरकारी खात्याने त्याच्याकडे चांदीच्या भांड्यांची माहिती मागितली, तेव्हा त्याने कळविले, की लंडनला दोन चांदीचे चमचे आहेत, ब्रिस्टलला दोन आहेत, आणि सभोवार इतक्यांना भाकरी मिळत नसता आणखी घेण्याचा विचार नाही. मात्र त्याच्या अनुयायांचे काय झाले? धर्मामुळे ते कष्टाळू आणि काटकसरी बनले, त्यामुळे श्रीमंत झाले, आणि श्रीमंतीबरोबर धर्म पातळ झाला. उतारवयात वेस्लीनेच ही तक्रार लिहून ठेवली आहे.

आता आपल्या घराकडे वळू. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. त्याचा खर्च १८८७ साली बॉस्टन येथे स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन करीत असे, आणि धर्माच्या बाबतीत सदनाने तटस्थ राहावे असे ठरलेले होते. १८९३ साली, मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढले जाते असा आरोप होऊन मोठी खळबळ उडाली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे होते, की मी कोणावर सक्ती केली नाही, पण माझी प्रार्थनाही दार लावून करणार नाही. त्या खटल्याचा निकाल देण्यास आम्ही येथे उभे नाही. त्याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो अनाथ मुली आणि बाया वाचवून केडगावला आणल्या, हेही तितकेच खरे आहे. आमचा मुद्दा एवढाच, की पुणेकरांनी नकळत शमरोनी मनुष्याचेच माप लावले होते: देणाऱ्याने घेणाऱ्याकडून काही परत मागितले का? ते माप योग्यच होते. मात्र ते लावताना एक प्रश्न आपणही स्वतःला विचारावयास हवा होता: ती विधवा आपल्या रस्त्यावर पडली असता आपण कोणत्या कडेने निघून गेलो?

शेवटचे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभा करून उरलेले आयुष्य संन्याशाच्या वृत्तीने काढावयाचे ठरविले. १९१९ साली ते वारले. पैसा त्यांच्या हातात कधी टिकलाच नाही. समोर गरजू दिसला की हात मोकळा. हे सर्व आपल्याला कळते ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मधून, आणि तेथे ते एका गृहिणीच्या बाजूने कळते. टिळकांनी दिले, त्याची झळ चुलीला लागली. ती चूल पेटती ठेवण्याची विवंचना लक्ष्मीबाईंची. असे असूनही त्या कडवट झाल्या नाहीत, हसत लिहून गेल्या. आणि परक्या पोरांना त्यांनीही पोटाशी धरले.

वेस्लीला मूलबाळ नव्हते, बासिल संन्यासी होता. कुटुंबातल्या माणसाचे दान मात्र कधीच एकट्याचे नसते. त्याची शिल्लक मोजताना स्वयंपाकघरातला डबाही उघडून पाहावा लागतो. विधवेच्या कथेचे माप आम्हाला सर्वांत स्पष्ट कळले ते येथे. घरधन्याच्या नावावर मांडलेल्या कितीतरी दानांतले दोन लेप्टा घरच्या बाईच्या हातचे असतात, आणि त्यांची पावती कोणी फाडलेली नसते.

म्हणून संगमरवरी शिळा काढून टाका, असे आमचे सांगणे नाही. शाळेला छप्पर हवे असते, आणि छप्पर मोठ्या रकमांवरच उभे राहते. पौलानेही हिशेब चोख ठेवला होता. पण घरी गेल्यावर आपण आपली स्वतःची वही उघडावी, आणि गेल्या वर्षी किती दिले या ओळीवर थांबू नये. दिल्यानंतर आपले काय कमी झाले, आणि ते घरात कोणाचे कमी झाले, या दोन ओळी खाली लिहून पाहाव्यात. आम्ही त्या लिहून पाहिल्या. पहिल्या ओळीपुढे आम्हाला फारसे काही लिहिता आले नाही. पुढच्या वसंतात वर्गणीचे पुस्तक घेऊन निघू तेव्हा दहा रुपये देणाऱ्याच्या दारातही तितकीच मान लववावी, असे आम्ही ठरविले आहे.